गुरुपौर्णिमेला मडमेचा फोटो

"ताई, तुम्ही संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करता, मग गुरुपौर्णिमेला त्या मडमेचा फोटो कशाला?" हा प्रश्न मला दर आषाढात विचारला जातो. शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील जरा संकोचत विचारतात. धरणगावकडच्या एका विद्यार्थिनीच्या आजीनं मात्र सरळच विचारलं होतं, "हाई गोरी बाई कोन शे वं?" एरवी मी हसून पेढे पुढे करते आणि विषय संपवते. पण परवाच्या कार्यक्रमानंतर तुम्ही चौघी-पाचजणींनी विंगेतच गाठून विचारलंत, आणि तेव्हा मला ऑर्गन टेम्पोत चढवायची घाई होती. म्हणून आता नीट लिहिते.

फोटोतल्या बाईंचं नाव जेन पार्कर-स्मिथ. इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनच्या, जन्म १९५० चा. पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत वारा सोडून वाजणारा चर्चमधला मोठा ऑर्गन, वाजवायच्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकल्या, विसाव्या वर्षी वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये पहिली मोठी मैफल केली आणि १९७२ साली, बाविसाव्या वर्षी, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्समध्ये, म्हणजे तिकडच्या मोठ्या उन्हाळी संगीत महोत्सवात, वाजवलं. त्या हॉलचा ऑर्गन म्हणजे जवळजवळ दहा हजार नळ्यांचं धूड. पुढं जगभर फिरल्या. २४ जून २०२० ला गेल्या. मी त्यांना कधी भेटले नाही, समोर बसून ऐकण्याचा योगही आला नाही. तरी मी त्यांना गुरू म्हणते, आणि तुमचा खरा आक्षेप तिथंच आहे.

माझे पहिले गुरू माझे मामा. त्यांचाही फोटो टेबलावर असतो, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. मामा हौशी नाटक मंडळींना साथ करत. जळगावात तर याचं वेगळं कौतुक, कारण लहानगे नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, इथं मेहबूबखाँकडे गाणं शिकले होते. पुढं गंधर्वांच्या गाण्यामागं हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी आली, आणि ऑर्गनशिवाय नाट्यपद ही कल्पनाच आपल्याकडे उरली नाही. मामांची शिकवण एका वाक्यात मावायची: गाणाऱ्याच्या मागं राहा, दिसू नकोस. ती शिकवण चांगलीच होती. पेटी-ऑर्गनवादक गोविंदराव पटवर्धनांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना कळेल, की मागं राहूनही केवढं वाजवता येतं.

पण मी मुलगी होते, त्यामुळं मला 'दिसू नकोस' जरा जास्तच ऐकायला मिळालं. पायपेटीला दोन पायांनी भाता मारावा लागतो. साडीत ते करताना निऱ्या घोट्यापर्यंत वर खेचून मांडीखाली दाबायच्या, नाहीतर पायटा वर येताना काठ त्यात अडकतो. मोठ्या ऑर्गनला गुडघ्यानं बाजूला रेटायची पट्टीही असते, आवाज चढवायला. म्हणजे पाय हलतात, गुडघे फाकतात, आणि समोर पहिल्या रांगेत गावातली प्रतिष्ठित माणसं. आमच्या एका नातेवाईक बाईंनी "त्यापेक्षा तंबोरा धर, शोभून दिसेल" असा सल्ला दिला होता. (तंबोरा धरण्यालाही अक्कल लागते, हे त्यांना कोण सांगणार.)

अशा दिवसांत जेनबाई भेटल्या त्या भुसावळला. मामांचे एक स्नेही रेल्वेतून निवृत्त झालेले, अँग्लो-इंडियन. रेल्वे कॉलनीजवळ राहायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नातलग कधीच इंग्लंडला गेलेले, तिकडून रेकॉर्डी यायच्या. त्यांच्याकडे मामा ऑर्गनच्या सुरांचा कचरा साफ कसा करायचा ते विचारायला गेले होते. सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. धूळ बसली की बोलेनाशा होतात, आणि आमच्याकडे धुळीला काय तोटा? बोलता बोलता अंकलनी एक रेकॉर्ड लावली. वेष्टनावर एक तरुण बाई. वाजवणारी बाई वेष्टनावर आहे, हेच मला नवल वाटलं.

आता थोडं यंत्राबद्दल सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तंबोऱ्याची तार हळू छेडली तर हळू बोलते. तबल्यावर थाप जशी, तसा नाद. ऑर्गनच्या बोटांखालच्या पट्टीचं तसं नाही. पट्टी हळुवार दाबा की गुद्दा मारा, सूर तेवढाच निघतो. आपल्या पायपेटीत निदान भाता आपल्या पायात असतो, वारा कमीजास्त करता येतो. पाइप ऑर्गनमध्ये तीही सोय नाही. वारा पेटाऱ्यात एकाच दाबानं भरलेला असतो. पूर्वी माणसं भाता ओढत, आता विजेचा पंखा. आवाज चढवायचा तर आणखी नळ्या उघडायच्या, किंवा झडपांच्या कपाटात ठेवलेल्या नळ्यांची झडप पायानं उघडायची. बोटात मात्र काहीच नाही. शिवाय मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. आपल्याकडे पेटीवर हेच गाऱ्हाणं होतं, त्यापायी आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बाहेर ठेवली.

मग वाजवणाऱ्याच्या हातात राहतं काय? वेळ. सूर कधी धरायचा, आणि त्याहून जास्त, कधी सोडायचा. ऑर्गनचा सूर आपण होऊन विरत नाही. सतारीचा विरतो, पियानोचा विरतो. ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली तर वारा आहे तोवर तो तसाच उभा. तो संपवणं ही पूर्णपणे वाजवणाऱ्याची जबाबदारी. दोन सुरांमध्ये केसाएवढी फट ठेवली तर पुढच्या सुरावर जोर आल्यासारखा वाटतो. फट बुजवली तर सूर एकमेकांत ओघळतात. खरं तर जोर वाढलेलाच नसतो, कानाला फसवलेलं असतं.

भुसावळच्या त्या खोलीत मला हे सगळं अर्थातच कळलं नाही. एवढंच कळलं, की ही बाई सूर सोडते तेव्हा काहीतरी होतं. आम्ही सगळे धरण्याचा रियाझ करत होतो. मामा "सूर भर, पोकळी ठेवू नको" म्हणायचे. आणि ह्या बाई इतक्या प्रचंड वाद्यावर जागा सोडत होत्या. नंतर मी घरी एकाच पदाचं तोंड घेऊन बसले आणि गायकाच्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी बोट थोडं आधी उचलून पाहिलं. गाणारीचा श्वास ऐकू यायला लागला. तोवर तो श्वास मीच झाकत होते! आज माझ्या साथीबद्दल कुणी बरं बोलतं तेव्हा बहुतेक वेळा हेच म्हणतं, की शब्द कळतात. ते जेनबाईंचं देणं आहे.

त्यांनी हे कुठून उचललं असेल? त्या पॅरिसला जाऊन जाँ लांग्ले यांच्याकडे शिकल्या. लांग्ले दुसऱ्या वर्षापासून अंध. सेंट क्लोटिल्ड चर्चचे ऑर्गनवादक म्हणून १९४५ पासून चाळीसहून अधिक वर्षं राहिले, आणि स्वतः मोठे रचनाकार. ज्या मास्तरांना तुमचा हात दिसत नाही, पोशाख दिसत नाही, त्यांच्यासमोर बसल्यावर बोट उचललं कधी हे लपवता येणार नाही, असा माझा तर्क. त्याला पुरावा नाही. पण मी मुलांना शिकवताना कधी कधी भिंतीकडे तोंड करून बसते ते यासाठी.

आणि गंमत पाहा, अंध गुरूची ही शिष्या रंगमंचावर दिमाखात यायची. चमकदार पोशाख, सगळा थाट. ऑर्गन वाजवणारे तिकडेही दिसत नाहीतच. चर्चमध्ये वादक पुष्कळदा वर सज्जात, लोकांकडे पाठ करून बसलेला. खाली काय चाललंय ते त्याला आरशात बघावं लागतं. आपला ऑर्गनवालाही रंगमंचाच्या पायाशी, प्रेक्षकांकडे पाठ करून. अशा वाद्याच्या वादकाला पाहायला लोकांनी तिकीट काढून यावं, ही काही लहान गोष्ट नाही. त्यांच्याआधी फ्रान्समध्ये जान देमेस्यू होऊन गेल्या. त्या तर उंच टाचांचे बूट घालून पायपट्ट्या वाजवायच्या, आणि १९६८ साली अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेल्या. पाइप ऑर्गनला पायांसाठी वेगळी पट्ट्यांची ओळ असते, पायाचा चवडा आणि टाच दोन्हींनी वाजवतात. हे मी त्या तंबोऱ्यावाल्या नातेवाईक बाईंना सांगितलं होतं. त्यांनी "तिकडची गोष्ट वेगळी" म्हणून मान वळवली. पण त्यानंतर निऱ्या मांडीखाली दाबताना मी आजूबाजूला बघणं सोडलं.

जेनबाईंचं सगळंच मला पटतं असं नाही. कधी कधी त्या फार झपाट्यानं जायच्या. बोटं दिपवतात, आणि आपण चाल ऐकायची सोडून बोटं मोजत राहतो. मामा असते तर "पळतेय कशाला, गाडी सुटतेय का?" म्हणाले असते. पण संथ तुकड्यांत त्या ज्या थांबायच्या त्याला तोड नाही.

त्या गेल्या तेव्हा जळगावात करोनाचा कहर होता. रोज पेपरात आकडे, नाट्यगृहं बंद, माझा ऑर्गन गोधडीखाली. मुंबईच्या एका वादक मित्राचा व्हॉट्सअॅप आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, बालगंधर्वांची जयंती. एरवी काहीतरी छोटा कार्यक्रम असतो, त्या वर्षी तोही नाही. ५ जुलैला गुरुपौर्णिमा आली. शिष्य कुणी येणार नव्हते, पेढे आणायला बाहेर पडायची सोय नव्हती. मामांचा फोटो पुसून ठेवला आणि शेजारी जेनबाईंचा ठेवला, कॉम्प्युटरवरून साध्या कागदावर छापलेला. पुढच्या वर्षी मुलं आली तेव्हा तो काढून ठेवावा असं मला वाटलं नाही.

कुणी म्हणेल, पाइप ऑर्गन आणि आपला ऑर्गन यांचा संबंध काय? तिथं नळ्या, इथं पितळी सूर. तिथं वारा बाहेर फेकला जातो, आपल्या ऑर्गनमध्ये आत ओढला जातो. सगळं खरं. पण दोघांनाही हवामानाचा जाच सारखाच. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकला की लाकूड आकसतं, भात्याला बारीक फटी पडतात आणि पाय मारून मारून पोटऱ्या दुखतात. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. तिकडेही उकाडा झाला की साध्या नळ्यांचा सूर चढतो, जिभेच्या नळ्या, म्हणजे ज्यांच्या आत पितळी जीभ थरथरते त्या, मात्र तिथल्या तिथं राहतात, आणि दोघींचं जमेनासं होतं. वाद्याशी भांडण सारखं असलं की माणसं लांबची वाटत नाहीत.

तर आता ऐकायचं असेल तर एक सांगते. सगळेजण विदोर या फ्रेंच रचनाकाराच्या टोकाटापासून, म्हणजे बोटांच्या वेगाच्या रचनेपासून, सुरू करतात, पाचव्या सिंफनीचा तो शेवटचा भाग, तिकडे लग्नातही वाजतो. तो शेवटी ऐका. आधी त्यांची संथ वादनं शोधा, आणि सूर कुठं सुरू होतो याकडे लक्ष न देता कुठं संपतो तेवढंच ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको. बत्तीस फुटी नळीचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सोळाएक कंपनांचा असतो, मोबाईलमधून तो मुळी बाहेरच पडत नाही, आणि पायांनी केलेलं निम्मं काम वाया जातं. घरी चांगले स्पीकर नसतील तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. वर येताना हॉर्न वाजवू नका, खाली दवाखाना आहे.