आमची वाटचाल: एका मशीनवर तीन पिढ्या

आमचं वर्कशॉप छोटंच. सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे गोल पार्ट कापणारी मशीन), जुन्या काही मशिन्स, एक ग्राइंडर आणि माणसं. सुरुवात केली तेव्हा सगळे साधारण एकाच वयाचे होतो त्यामुळे वय हा विषयच नव्हता. मग सीएनसी आली, तिच्या मागोमाग प्रोग्रॅमिंग शिकलेली पोरं आली, आणि बघता बघता अशी टीम झाली की सगळ्यात मोठा माणूस सगळ्यात धाकट्याचा आजोबा शोभेल.

यावर जेन एक्स, मिलेनियल, जेन झी अशी पिढ्यांची लेबलं लावून ट्रेनिंग देणारे भरपूर आहेत. तरुणांना फीडबॅक आवडतो, ज्येष्ठांना मान आवडतो वगैरे. अहो मान कुणाला आवडत नाही? आणि काम बरं झालं की वाईट हे साठीच्या माणसालाही कळायला हवंच असतं ना. आमच्याकडची कटकट स्वभावाची कमी आणि कामाची माहिती कुणाकडे अडकलीय याची जास्त होती.

आता हेच बघा. टर्निंगचा, म्हणजे लेथवर पार्ट कापायचा, एक जॉब आमच्याकडे रिपीट येतो. त्यावरचे काका फक्त कानाने सांगायचे, इन्सर्टची (कापणाऱ्या छोट्या पात्याची) धार गेली, एज फिरवा, म्हणजे पात्याची नवी कडा पुढे आणा. नवीन पोरगा विचारतो, "काका, आवाज बदलला म्हणजे नेमका कसा?" काका म्हणतात, "अरे ऐकू येतो ना!" त्याला बिचाऱ्याला काहीच ऐकू येत नव्हतं. पण पोरगं हुशार, काकांनी हात वर केला की तो स्क्रीनवरचा स्पिंडल लोड, म्हणजे मशीनवर किती जोर पडतोय तो आकडा, वहीत लिहायला लागला. काही बॅचेस झाल्यावर दिसलं की काकांचा हात वर जातो तेव्हा लोड साधारण त्याच आकड्याजवळ असतो. आकडा सेटिंग शीटवर चढला आणि काका जरा गप्प गप्प राहायला लागले, म्हणजे आता आमचं काय काम, असं.

मग मटेरियलचा नवीन लॉट आला. पहिल्या पीसपासूनच लोड चढलेला, पोरगा शीटप्रमाणे चांगल्या एज फिरवत सुटला. काका येऊन दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "एज ठीक आहे रे, माल कडक आहे." हार्डनेस तपासली तर खरंच जास्त निघाली. तेव्हापासून शीटवर आकड्याच्या शेजारी "नवीन लॉट असेल तर आधी काकांना ऐकवा" असं लिहिलंय, तेही त्या पोराच्याच अक्षरात.

जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये वरच्या साहेबांना तरुणांकडून इंटरनेट शिकायला लावलं होतं, त्याला रिव्हर्स मेंटॉरिंग म्हणतात. चांगलंच आहे, पण आमच्यासारख्या ठिकाणी एकाच जॉबवर दोन्ही बाजूंनी शिकणं चालू असतं, गुरू कोण ते माल बघून ठरतं.

रिजेक्शनचं मात्र नाजूक होतं. इन्स्पेक्शनला पंचविशीची मुलगी, तिने जुन्या ऑपरेटरचा पीस बाजूला काढला की त्यांचा चेहरा बघवत नाही. आता नियम असा की संशय आला तर गो-नो-गो गेज (एक बाजू पार्टमध्ये जायलाच हवी, दुसरी जाताच कामा नये असं मापाचं साधन) ऑपरेटरनेच स्वतःच्या हाताने लावायचा, ती फक्त शेजारी उभी राहते. नो-गो बाजू आत गेली तर वाद कुणाशी घालणार?

आणि डोळे! चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसायला लागतं हे सगळ्यांना माहीत, तरी व्हर्नियर (बारीक रेघांची मापपट्टी) चुकीचा वाचला की आपण माणसाला निष्काळजी म्हणून मोकळे होतो. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची टीम ठेवली होती, कारण पुढे त्यांचे कामगार त्या वयाचे होणारच होते. लाकडी फ्लोअरिंग, भिंगं, स्क्रीनवर मोठी अक्षरं, उंची बदलणारी टेबलं असे सत्तरेक छोटे बदल केले, बरेचसे कामगारांनीच सुचवलेले, आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. ते वाचून आम्ही डिजिटल कॅलिपर घेतले, ड्रॉइंग ए-फोरऐवजी ए-थ्रीवर काढायला लागलो, इन्स्पेक्शन टेबलावर चांगला दिवा लावला. गंमत म्हणजे दिव्याखाली आता पोरंच जास्त बसतात.

मेसेजचं अजून धड जमलेलं नाही. पोरं ग्रुपवर अंगठा टाकतात आणि काम कळलं असं समजतात, मोठ्यांना वाटतं उत्तरच दिलं नाही. शिफ्ट बदलताना मशीनजवळ उभं राहून तोंडी सांगायचं आणि शीटवर सही करायची, एवढं सक्तीचं केलंय, बाकी अंगठे चालू द्या.

सध्या प्रश्न वेगळाच आहे. काकांना आठवड्यातले तीनच दिवस यायचंय आणि त्या पोरालाही शिकण्यासाठी तीन दिवस सुट्टी पाहिजे. दोघांचे दिवस एकमेकांत बसतात, पण मग दोघं एकत्र मशीनवर कधी उभे राहणार? एक दिवस तरी दोघांचा कॉमन ठेवा म्हणून मी मागे लागलोय, काका तयार आहेत, पोरगा टाइमटेबल बघून सांगतो म्हणालाय.