प्रभात रोडवर उतरायचे ते दिवस

काल रात्री दीडला कादंबरी संपली आणि मग झोपच लागेना. अप्पा बळवंत चौकातून पावसात जपून आणली होती. गिरगावच्या चाळीतून मलबार हिलपर्यंत पोचलेली बाई, म्हणजे कुणीतरी हे शेवटी लिहिलं, असं वाटलं होतं.

पानोपानी मेजवान्या, झुंबरं, घड्याळांची नावं, कोण कुणाच्या शेजारी बसलं ते. पण चाळ पहिल्या प्रकरणात सुटली ती सुटलीच. आई एकदा फोनवर येते, तेवढीच. त्या बाईला कुठे राहतेस असं कुणी विचारतच नाही. असं कसं? मला तर मैत्रिणीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मी "डेक्कनजवळ" म्हणाले. गोखलेनगर म्हटलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, शनिवार पेठेतलं घर गेलं आणि आजोबा पूरग्रस्तांच्या वसाहतीत आले, यात लाजण्यासारखं काय होतं? पण लाजले. मैत्रीण गाडीतून सोडायची, तर मी प्रभात रोडच्या एका गल्लीच्या तोंडाशी उतरायचे. "इथेच थांब, आत वळवायला त्रास होईल." गाडी दिसेनाशी झाली की लॉ कॉलेज रोडने चालत सुटायचे. फिल्म इन्स्टिट्यूट मागे पडायची, मग सेनापती बापट रस्ता, मग घर. उन्हाळ्यात घसा सुकायचा. दोन वर्षं चालले अशी. ती चाल या पुस्तकात कुठेच नाही, आणि याचाच मला इतका राग आला की रडू आलं. वाटलं, आपलं दुःख कुणाला लिहिण्याइतकंही मोठं वाटत नाही.

बाबांच्या लुनाचं मात्र आत्ता लिहवत नाही.

सकाळी राग उतरला. लेखिकेने तिला दिसलं ते लिहिलं. माझी गल्ली तिला कुठून दिसणार? ती मलाच लिहावी लागेल, आज ना उद्या.

दुपारी आईशेजारी मेथी निवडत बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही. "ठाऊक होतं की. गाडीतून आले म्हणायचीस आणि चपलांच्या टाचा दर दोन महिन्यांनी झिजलेल्या."

बाबांनाही ठाऊक होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.