नॉर्थ ब्रिज डायोरामा: ॲक्टनची तुकडी संगिनींपर्यंत आली

माझ्या डायोरामातला, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यातला, पूल उभा राहिला, नदी अजून कोरडी आहे आणि ॲक्टनच्या तुकडीतले पहिले वीस गडी प्रायमर (रंगाआधीचा थर) लावून रांगेत उभे आहेत. स्केल 28 मिमी (म्हणजे माणूस साधारण तेवढ्या उंचीचा), जागा अमेरिकेत बॉस्टनजवळच्या कॉनकॉर्डचा नॉर्थ ब्रिज, तारीख 19 एप्रिल 1775, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस. क्षण मात्र पहिली गोळी सुटण्याच्या आधीचा. गोळीबाराचा देखावा सगळेच करतात. नळीच्या तोंडाशी कापूस चिकटवला की झाला धूर. मला ही माणसं चालत येताना हवी होती.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी काहींनी पॅट्रियट्स डेची, म्हणजे या दिवसाच्या स्मरणार्थ निघणारी, ती पहाटेची पदयात्रा पाहिली असेल. शेजारच्या ॲक्टन गावातून निघायचं आणि फाइफ (छोटी बासरी) नि ढोलाच्या तालावर नॉर्थ ब्रिजपर्यंत चालत जायचं. ती आयझॅक डेव्हिसची वाट. हा तिशीचा माणूस, धंद्यानं बंदुका बनवणारा, गावच्या मिनिटमेन तुकडीचा कॅप्टन. मिनिटमेन म्हणजे मिलिशियातलेच (गावकऱ्यांच्या फौजेतलेच) निवडक लोक, हाक आली की लगेच निघायचं अशी बोली असलेले. त्या सकाळी घरात मुलं आजारी होती. निघताना बायकोला, हॅनाला, तो एवढंच म्हणाला, की मुलांची नीट काळजी घे.

पुलाकडे जाणाऱ्या रांगेत ॲक्टनवाले पुढे का, याचं उत्तर माझ्या या महिन्याच्या कामात आहे: संगिनी. मिलिशियातल्या पुष्कळांकडे घरच्या शिकारी बंदुका, त्यांना संगीन बसायची सोयच नाही. डेव्हिसनं आपल्या माणसांना संगिनी आणि काडतुसांच्या पेट्या पुरवल्या होत्या, सरावही करून घेतला होता. समोर संगिनी चढवलेले ब्रिटिश असताना पुढे कोण जाणार हे मग ठरल्यासारखंच होतं. आपल्या तुकडीत जायला घाबरणारा एकही माणूस नाही, असं तो म्हणाल्याची आठवण ॲक्टनमध्ये आजही सांगतात.

बाजारात मिळणाऱ्या मिलिशियाच्या आकृत्यांना संगिनी क्वचितच असतात, म्हणून घरी केल्या. त्या काळच्या संगिनीचं पातं साधारण 17 इंच, म्हणजे आपल्या स्केलला जेमतेम पावणेआठ मिमी. 0.5 मिमीची पितळी तार, टोक हातोडीनं हलकेच चपटं करायचं, मग कानशीनं तीन धारा काढायच्या. मुख्य गोष्ट: पातं नळीच्या सरळ रेषेत बसवू नका. संगीन चढवलेली असतानाही बंदूक भरता यायला हवी, म्हणून ते नळीच्या बाजूला सरकलेलं असतं. तारेला आधी बारीक कोन द्या, मग सुपरग्लू. वीत-दीड वीत अंतरावरून हा कोन दिसत नाही, पण नसला की बंदुकीला टाचणी टोचल्यासारखी वाटते.

कपड्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. झालरीवाले शिकारी सदरे या गावकऱ्यांना चढवू नयेत. हे शेतकरी, सुतार, लोहार; रोजच्या कोटात आले. अक्रोडी तपकिरी, फिका निळा, विटकरी, मळका करडा. गुडघ्यापर्यंतची ब्रीचेस, लोकरी मोजे, फेल्टची टोपी. दोन कोट एकाच रंगाचे आले तर मी एक पुन्हा रंगवतो. दिवाळीच्या किल्ल्यावर एकाच साच्यातले मावळे ओळीनं मांडावेत तसं इथे दिसता कामा नये.

ब्रिटिश बाजू त्यामानानं सोपी. पुलावर चौथ्या, दहाव्या आणि 43व्या रेजिमेंटच्या लाइट कंपन्या (हलक्या पायदळाच्या तुकड्या) होत्या. कोट तिघांचे लाल, पण कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या अनुक्रमे निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या. पट्ट्या रंगवताना सहज आठवलं: हे चाललं होतं तेव्हा राघोबादादा सुरतेचा तह करून मोकळे झाले होते आणि महिन्याभरातच, 18 मे 1775 ला, ईस्ट इंडिया कंपनीची फौज गुजरातेत अडासला मराठ्यांशी भिडली. तो डायोरामा कुणीतरी मनावर घ्या राव.

पूल कॉफी ढवळायच्या लाकडी काड्यांचा. आज तिथे आहे तो पूल विसाव्या शतकात बांधलेला. मूळचा 1793 मध्ये काढून टाकला. म्हणून अमॉस डूलिटलनं 1775 मध्येच केलेली कोरीव चित्रं जवळ ठेवली. मागे सरताना ब्रिटिशांनी पुलाच्या फळ्या उचकटायला सुरुवात केली होती, म्हणून तीन फळ्या सैल ठेवून एक तिरकी टाकली. मिलिशियाचे मेजर बटरिक त्याच फळ्यांवरून ब्रिटिशांवर ओरडले होते. गावाच्या बाजूला मागे धुराची एक बारीक रेघ येईल. तो धूर जाळलेल्या तोफगाड्यांच्या सामानाचा, पण टेकडीवर जमलेल्या मिलिशियाला वाटलं गावच पेटवलं. ते खाली उतरले ते त्यामुळे.

पुढच्या क्षणी काय होणार हे बघणाऱ्याला माहीत असतं. पहिल्याच फैरीत डेव्हिस आणि ॲबनर हॉस्मर पडले, फाइफवाला ल्यूथर ब्लँचर्ड जखमी झाला. या तिघांचे चेहरे सर्वांत शेवटी रंगवणार. डेव्हिसचं हयातीतलं चित्रच नाही. पुलाजवळचा डॅनियल चेस्टर फ्रेंचचा 1875 चा मिनिटमनचा पुतळा नांगराला हात लावून उभा आहे. तो मी मुद्दाम वापरला नाही, माझ्या डेव्हिसकडे नांगर नाही, फक्त बंदूक. बेसच्या पुढच्या पट्टीवर जेम्स हेवर्डचंही नाव येईल. तो पुलावर नाही, त्याच दिवशी पुढे लेक्सिंग्टनच्या हद्दीत मारला गेला. पण ॲक्टनच्या 75 फुटी स्मारकाखाली डेव्हिस, हॉस्मर आणि हेवर्ड एकत्र आहेत. पुलाच्या कडेला पुरलेल्या दोन ब्रिटिश शिपायांसाठीही पट्टीवर एक ओळ ठेवली आहे. यावर वाद होईल, होऊ दे.

आता नदी. कॉनकॉर्ड नदी संथ आणि गढूळ, त्यामुळे एपॉक्सी रेझिनमध्ये रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा थेंब घालून तीन-तीन मिमीचे थर ओतायचा बेत आहे. प्रश्न काठाचा आहे: रेझिन पुलाच्या खांबांवर आणि काठच्या मातीवर थोडं चढून चकचकीत कड धरतं. खांबांना आधी मॅट वार्निश देऊन हे थांबतं का, की ओतल्यावर वरून मॅट लावणं बरं? कुणी करून बघितलं असेल तर फोटोसकट सांगा, ओतायच्या आधी.