ज्युलियाची चिठ्ठी

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर चार पाने लिहावीत, असे शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा शिस्त, संस्कार, मैदान आणि प्रार्थना हे सारे माझ्याआधीच्या मंडळींनी लिहिलेले असणार हे ध्यानात घेऊन मी माझ्यापुरते खरे उत्तर द्यायचे ठरवले. शाळेने मला बायरन या इंग्रज कवीचे ‘डॉन जुअन’ हे दीर्घ कथाकाव्य दिले. मी १९७१ साली मॅट्रिक झालो. त्याच्या आदल्या वर्षी भूगोलाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचे तास इंग्रजीच्या सरांकडे आले. सरांनी भिंतीवरचा युरोपचा नकाशा तसाच राहू दिला, ग्रंथालयातून हिरव्या कापडी बांधणीचा, बारीक टाइपाचा एक जाडजूड ग्रंथ आणवला आणि सांगितले, “आपण कादिझहून निघणार आहोत. मग एक ग्रीक बेट, कॉन्स्टँटिनोपल, डॅन्यूबकाठचे इस्माईल, सेंट पीटर्सबर्ग आणि शेवटी लंडन. म्हणजे भूगोलही बुडणार नाही.”

रोमँटिक कवी म्हणजे डोंगर, झरे, एकांत आणि उसासे, एवढीच आमची समजूत होती. वर्ड्स्वर्थ या रोमँटिक कवीने १८०० साली आपल्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत कवितेला उत्कट भावनांचा उत्स्फूर्त ओघ म्हटले, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले होते. त्याच्या पुढच्या पिढीतला, १७८८ साली जन्मलेला एक रोमँटिक कवी त्या ओघाखाली मुद्दाम एक दगड ठेवतो आणि पाणी कसे उडते ते पाहत बसतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. विशेष म्हणजे १८१२ साली ‘चाइल्ड हॅरल्ड’ हे काव्य प्रसिद्ध करून उसासे टाकणाऱ्या नायकाची साथ युरोपभर पसरवणाराही हाच बायरन होता. १८१८ मध्ये, तिशीत, व्हेनिसमध्ये बसून त्याने ‘डॉन जुअन’ लिहायला घेतले, तेव्हा चेष्टेचे पहिले गिऱ्हाईक त्याची स्वतःचीच कीर्ती होती.

चेष्टा नावापासूनच सुरू होते. स्पॅनिश माणूस या नायकाला ‘हुआन’ म्हणेल. बायरन त्याचे इंग्रजी वळणाने ‘जू-अन’ करतो आणि ‘न्यू वन’ व ‘ट्रू वन’ यांच्याशी त्याचे यमक जुळवतो. पहिल्याच कडव्यात कवी नायकाच्या शोधात आहे. दर वर्षी, दर महिन्याला वर्तमानपत्रे नवा नायक पुढे आणतात आणि तो खरा नव्हता हे काळाला मागाहून कळते, म्हणून आपण आपला जुना डॉन जुअनच घेतो, असे तो म्हणतो. दंतकथेतला जुअन स्त्रियांना नादी लावणारा आहे. बायरनचा जुअन मात्र सोळा वर्षांचा, देखणा आणि बराचसा भाबडा मुलगा असून त्याच्या आयुष्यात जे घडते ते बहुतेक दुसऱ्यांनी घडवलेले असते. सरांनी त्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते, ‘न्यू वन’ आणि ‘ट्रू वन’, आणि तास संपेपर्यंत ते पुसले नाहीत.

या उपरोधाचे यंत्र कसे चालते, हे त्यांनी दुसऱ्या तासाला उघडून दाखवले. आठ ओळींचे इटालियन कडवे, यमके अ ब अ ब अ ब आणि मग क क. सहा ओळी एकमेकींत गुंतत वर चढतात आणि शेवटच्या दोन ओळी त्यांच्या पायाखालची शिडी काढून घेतात. पंधराव्या शतकातल्या पुल्ची या इटालियन कवीकडे ही थट्टेची चाल होती, आणि १८१८ च्या ‘बेप्पो’ या व्हेनिसमधल्या कथाकाव्यात बायरनने तिच्यावर हात बसवून घेतला होता. सर प्रत्येक कडव्याच्या सहाव्या ओळीनंतर थांबत आणि आम्हाला अंदाज करायला लावत. विदुषी बायकांच्या नवऱ्यांना उद्देशून केलेल्या एका प्रश्नात बायरन ‘इंटलेक्च्युअल’ या भारदस्त शब्दापुढे ‘हेन-पेक्ट यू ऑल’ असे यमक आणून ठेवतो. ते ऐकून वर्ग क्षणभर गप्प राहिला आणि मग मागच्या बाकावरून हसू फुटले. मी घरी जाऊन त्याचे मराठी करायचा प्रयत्न केला. ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ हा वाक्प्रचार अर्थाला चपखल बसला, पण यमक मेले आणि यमकाबरोबर विनोदही गेला. उपरोध आशयात जेवढा असतो तेवढाच आवाजात असतो, ही गोष्ट मला त्या फसलेल्या भाषांतराने शिकवली.

शाळेच्या स्मरणिकेत सांगायलाच हवा असा एक भाग पहिल्या सर्गात आहे. जुअनची आई दोन्या इनेझ कमालीची नीतिमान आहे आणि गणित ही तिची आवडती विद्या आहे. बायरनच्या दुरावलेल्या पत्नीलाही गणिताची आवड होती, त्यामुळे बाण कोणाला लागायचा आहे हे त्या काळच्या वाचकांना सांगावे लागले नाही. मुलाला ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय तर शिकवले पाहिजे, पण त्यातले देवदेवतांचे उद्योग त्याच्या नजरेस पडता कामा नयेत, अशी तिची पंचाईत होते. म्हणून त्याला विद्वानांनी सोवळी केलेली आवृत्ती दिली जाते. मात्र मूळ कवीचे अंग फारच तोडले गेले, अशी दया येऊन त्या विद्वानांनी गाळलेला सगळा मजकूर पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात एकत्र छापलेला असतो. त्यामुळे सूचीचा खटाटोप वाचतो, असे बायरन शेवटच्या दोन ओळींत नोंदवतो. अशी आवृत्ती खरोखरच निघाली होती, हे त्याने तळटीपेत सांगितले आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या प्रतीत काहीच गाळलेले नव्हते, कारण ती तोवर कोणी उघडलेलीच नव्हती. पुढे जुअनच्या प्रेमात पडलेल्या विवाहित ज्युलियाच्या शयनगृहाचा प्रसंग आला तेव्हा सरांनी काही कडवी सोडली. पण सोडताना त्यांचे क्रमांक शांतपणे फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, “ही वर्गात घ्यायची नाहीत.” दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाबाहेर रांग होती. सरांनी आमच्यासाठी परिशिष्टच तयार केले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

ज्युलियाचे प्रकरण उघडकीला येते, तिची रवानगी मठात होते आणि तिथून ती जुअनला शेवटचे पत्र लिहिते. हे पत्र खरोखर सुंदर आहे. पुरुषाच्या आयुष्यात प्रेम हा एक वेगळा काढता येण्याजोगा भाग असतो आणि स्त्रीचे ते सारे अस्तित्व असते, अशा अर्थाच्या त्यातल्या ओळी आजही गंभीर चेहऱ्याने उद्धृत केल्या जातात. पण पत्र संपताच बायरन कागदाकडे वळतो. कागदाच्या कडा सोनेरी आहेत, लेखणी कावळ्याच्या पिसाची, बारीक आणि नवी आहे, लाख उंची शेंदरी रंगाची आहे, आणि पांढऱ्या अकीकावर कोरलेल्या मुद्रेत सूर्यफुलासोबत एक फ्रेंच वाक्य आहे: ‘ती सर्वत्र तुझ्यामागे येते.’ पत्र लिहिणारी रडत नाही, तिचा हात होकायंत्राच्या सुईसारखा थरथरतो. तिचे दुःख खोटे आहे असे कवी कुठेही म्हणत नाही. तो फक्त दुःखाची स्टेशनरी दाखवतो.

दुसऱ्या सर्गात जुअन जहाजावर तेच पत्र हातात घेऊन शपथा वाहू लागतो. आकाश पृथ्वीला टेकेल पण मी तुला विसरणार नाही, असे तो म्हणत असतानाच जहाज हेलकावते आणि कंसात कवी कळवतो की त्याला मळमळू लागले आहे. शपथा आणि ओकाऱ्या एकाच कडव्यात आलटून पालटून येतात आणि अखेर नायक नोकरांना हाका मारून पेलाभर दारू मागतो. इथवर आम्ही पोट धरून हसलो होतो. मग जहाज बुडते, उरलेले लोक होडीत उपाशी राहतात आणि कोणाला खायचे हे ठरवण्यासाठी सोडत काढायची वेळ येते. होडीत कागद नसतो. म्हणून जुअनच्या हातातून ज्युलियाचे पत्र हिसकावून त्याचे तुकडे करतात.

सर इथे थांबले. “इंग्रजीत पत्राचा शब्द वेगळा आणि सोडतीचा वेगळा,” ते म्हणाले, “पण आपल्याकडे दोन्हीला चिठ्ठीच म्हणतात. बायरनला मराठी येत असते तर हा श्लेष त्याने सोडला नसता.” कोणी हसले नाही. ‘ती सर्वत्र तुझ्यामागे येते’ हे मुद्रेवरचे वाक्य अक्षरशः खरे ठरले होते, आणि सोडत जुअनच्या शिक्षकावर, बिचाऱ्या पेद्रिल्लोवर, निघाली होती. शस्त्रवैद्याला दुसरी फी मिळणार नव्हती म्हणून पहिला हक्क त्याला मिळाला, ही ओळ सरांनी वाचली ती अगदी सपाट आवाजात.

उपरोधासाठी कथाच का हवी, हे मला त्या प्रसंगात कळले. सुटी उपहासिका एखाद्या माणसाला टोचून मोकळी होते. कथेत मात्र एखादी वस्तू हातोहात पुढे जाते आणि पहिल्या सर्गात जिने गळा दाटून आणला तीच दुसऱ्या सर्गात घास ठरवते. पत्र बदललेले नसते, होडी बदललेली असते. पुढे लंडनच्या वेशीवर जुअन इंग्लंडच्या स्वातंत्र्याचे आणि कायद्याचे गुणगान गात असताना वाटमारे त्याच्यावर सुरी रोखतात, तिथेही हीच युक्ती आहे, पण ती इतकी खोल जात नाही. मधले जनानखान्याचे प्रकरण तर मला आजही लांबलेले वाटते. चौथ्या सर्गात बायरन म्हणतो की मी कोणत्याही मर्त्य गोष्टीला हसलो तर ते रडू येऊ नये म्हणून. होडीचा प्रसंग वाचल्यानंतर या ओळीवर विश्वास बसतो.

या हसण्याची किंमतही होती. १८१९ मध्ये पहिले दोन सर्ग छापताना मरे या प्रकाशकाने मुखपृष्ठावर कवीचे नाव घातले नाही आणि स्वतःचेही घातले नाही. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मृत्यूनंतर राजकवी सदीने १८२१ साली त्याला स्वर्गात मिरवत नेणारे स्तुतिकाव्य लिहिले. त्यावर बायरनने पुढच्या वर्षी त्याच नावाचे विडंबन प्रसिद्ध केले. त्यात सदी स्वर्गाच्या दारात आपले काव्य वाचू लागतो, देवदूत पळ काढतात आणि पाचव्या ओळीला सेंट पीटर हातातल्या किल्ल्यांनी त्याला खाली लोळवतो. त्या गडबडीत राजा स्वर्गात निसटतो. ते छापणाऱ्या जॉन हंटला १०० पौंड दंड झाला. प्रसंगोपात्त स्तुतिलेखन करणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे या स्मरणिकेच्या लेखकांनीही, ती पाचवी ओळ लक्षात ठेवावी असे मला वाटते.

सरांचा आवडता भाग मात्र इस्माईलचा वेढा. रशियन सैन्याने १७९० च्या डिसेंबरात ते शहर घेतले आणि बायरनने सातव्या-आठव्या सर्गांत त्या विजयाचे वर्णन असे केले की विजय हा शब्दच उच्चारवेनासा होतो. त्यात तो कीर्तीची व्याख्या करतो: युद्धवार्तेत ज्याचे नाव शुद्ध छापले गेले तो भाग्यवान. त्याच्या ओळखीचा एक ग्रोस नावाचा माणूस वॉटर्लूला पडला आणि सरकारी राजपत्रात ग्रोव्ह छापला गेला.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत निवृत्त शिक्षकांच्या यादीत सरांच्या आडनावातला एक काना गळला होता. मी संतापून त्यांना पत्र लिहिले. उलट टपाली कार्ड आले, त्यावर एकच ओळ होती: ‘ग्रोसचा ग्रोव्ह झालो, तेही जिवंतपणी.’

यंदा त्यांचे नाव दिवंगत शिक्षकांच्या यादीत आहे. त्या पानाची मुद्रिते तपासण्याचे काम मी संपादकांकडून मागून घेतले. काल ती दोनदा वाचली. काना जागेवर आहे.