टब काढून शॉवर : आमची वाटचाल

फ्रीमाँटमध्ये टब काढून शॉवर बसवायची आमची छोटी कंपनी आहे, मी, बायको आणि दोन कारागीर, बस्स. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्सला चार वर्षांचा अनुभव लागतो, तो मी दुसऱ्याकडे राबून मिळवला. तिथेच एका घरी आम्हाला टाइल फोडायला पाठवलं होतं, आधी कोणीतरी परमिट, म्हणजे बांधकामाची सरकारी परवानगी, न काढता टबाच्या जागी शॉवर केलेला, पण खालचा ड्रेन टबाचाच दीड इंची ठेवलेला, शॉवरला दोन इंची लागतो. टबात पाणी तुंबलं तरी आतच राहतं हो, चालत आत जायच्या वॉक-इन शॉवरला उंबरठा जेमतेम, पाणी बाहेर आलं आणि खालची लाकडी जमीन कुजली. त्या घरातल्या आजी काठी धरून दारात उभ्या होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून स्वतःचं सुरू केलं तेव्हापासून परमिटशिवाय एकही काम घेतलं नाही.

आमच्याकडे मराठी घरं खूप येतात. आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, टबाच्या काठावरून पाय टाकवत नाही, आणि मुलगा म्हणतो दादा परमिट कशाला, घर आपलंच आहे. मी समजावतो की टाइल लावायच्या आधी इन्स्पेक्टर पाइप बघतो, शॉवरचं पॅन, म्हणजे खालचा तळ, पाण्याने भरून ठेवायला लावतो, गळती असेल तर तेव्हाच कळते, नंतर भिंतीआड कोण बघणार? आणि टबाची जागा 30 बाय 60 इंच असेल तर तेवढ्यातच शॉवर बसतो, भिंत हलवावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीला नीट सांगायचो नाही. घर 1994 च्या आधीचं असेल तर फायनल, म्हणजे शेवटच्या इन्स्पेक्शनच्या आत घरातले 1.6 गॅलनपेक्षा जास्त पाणी घेणारे सगळे जुने टॉयलेट बदलावे लागतात, स्मोक अलार्मही तपासतात. एका गिऱ्हाइकाला हे शेवटी कळलं, ते चिडले आणि बरोबरच चिडले, दोन टॉयलेटचा खर्च आम्ही सोसला. आता पहिल्याच एस्टिमेटमध्ये लिहितो.

ॲडव्हान्स कायद्याने 10 टक्के किंवा 1000 डॉलर, जे कमी असेल तेवढाच घेता येतो, त्यामुळे पहिलं वर्ष सगळं सामान बायकोच्या पगारातून आलं.

आईबाबांचं तिकीट काढलंत की लगेच तारीख कळवा, परमिट आणि इन्स्पेक्शनचे दिवस धरूनच आम्ही काम लावतो, आणि आधाराला धरायच्या हँडलसाठी भिंतीत लाकूड आत्ताच घालून घेऊ.