सावली कुठल्या वॉर्डात आहे? पणजीतली एक दुपार

पणजीचं कमाल तापमान म्हणून रात्रीच्या बातम्यांत जो आकडा सांगतात, तो आल्तिनोच्या टेकडीवरून येतो. हवामान खात्याची वेधशाळा तिथं आहे. त्याच टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे, मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान आहे, सरकारी बंगले आहेत आणि एवढी झाडं आहेत की भर दुपारीसुद्धा रस्त्यावर उन्हाचे नुसते ठिपके पडतात. तापमापक ठेवायची रीत जगभर सारखीच: पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, शक्यतो हिरवळीवर, आत ऊन शिरणार नाही अशी. एका गावची हवा दुसऱ्या गावच्या हवेशी ताडून बघायची तर हे असंच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पणजीतली बरीचशी माणसं त्या पेटीत राहत नाहीत. ती खाली राहतात. म्हणून ठरवलं, की वरून खाली उतरत जायचं आणि जिथं जिथं हवा बदलते तिथं थांबायचं.

सोबत मावशी होती. लग्न होऊन पणजीतल्या मळा या भागात आली तेव्हापासून तिचं सगळं आयुष्य आल्तिनोच्या पायथ्याशी गेलंय. मी फोंड्याहून कदंबच्या शटल बसने आले तर म्हणाली, "अगो, शिगम्याच्या तोंडावर उन्हात हिंडायला कोण येतं? सकाळी सातला यायचं!" पण सकाळी सातला पणजी सगळीकडे सारखीच असते. फरक दिसतो तो अकराच्या पुढे.

मार्च निवडायचंही कारण होतं. गोव्यात खरा उकाडा मे महिन्यात असं आपण धरून चालतो, पण पारा उडी मारतो तो बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एरवी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारं वारं सुरू होतं आणि तापमान तिथंच अडतं. या दिवसांत मात्र पूर्वेकडून, घाटापलीकडून कोरडं वारं येत असतं. ते जोरात असलं की समुद्राचं वारं आत यायला उशीर होतो, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत हवा भलतीच तापते. किनारपट्टीच्या केंद्रावर कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. २०२३ च्या मार्चमध्ये असा इशारा आला आणि दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस गोव्यातल्या शाळा दुपारी बाराला सोडल्या. शाळा सुटल्यावर पोरं कुठल्या घरी गेली, पत्र्याच्या की कौलांच्या, याचा विचार त्या आदेशात असणं शक्य नव्हतं.

आल्तिनोवरून मळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत. कडेच्या भिंतीला हात लावला तर ओलसर गारवा लागतो. जांभा दगड स्पंजासारखा भोकाभोकांचा, पावसाळ्यात टेकडी पाणी पिते आणि पायथ्याशी ते झरीतून सोडते. मळ्यातली फोंते फिनिक्स आणि पलीकडची बोक द व्हाक या दोन्ही झरी याच टेकडीच्या. मावशी सांगते, नळ आले तरी कितीतरी वर्षं शेजारपाजारच्या बायका धुण्याला झरीवरच जायच्या.

फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पर्यटक भिंतींचे रंग बघतात. तुम्ही एकदा छप्परं बघा. मंगलोरी कौलं, त्यांच्याखाली उंच पोकळी, वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. भिंती हातभर जाड. एका जुन्या घराच्या खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं शिल्लक होती. लाकडी चौकटीत बोटभर रुंदीच्या फटी आणि त्यात सरकवलेले चपटे, दुधी शिंपले. मावशीने एकावर नख टकटकवून दाखवलं. उजेड आत येतो, पण त्याची धार गेलेली असते. काच स्वस्त झाली तशी ही तावदानं गेली, आणि काचेबरोबर घरात ऊन आलं. गल्ल्या अरुंद म्हणून एका घराची सावली समोरच्या घरावर, आणि टेकडी पश्चिमेला असल्यामुळे अगदी पायथ्याच्या घरांवरचं ऊन संध्याकाळी लवकर सरतं. मात्र तीच टेकडी समुद्राचं वारंही अडवते. "आमच्याकडे ऊन कमी, पण घाम जास्त," हा मावशीचा हिशेब. शिवाय भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की पाणी खाडीत उतरत नाही आणि मळा तुंबतो, ते वेगळंच.

ओरेमची खाडी ओलांडली की पाटो. खाडीच्या कडेला खारफुटी आहे, तिथपर्यंत ठीक होतं. पलीकडे पाऊल टाकलं आणि डोळेच दिपले. पाटो म्हणजे भराव घालून उभा केलेला भाग: काचेच्या इमारती, रुंद डांबरी रस्ते, गाड्या लावायच्या जागा. दुपारी बाराला काच ऊन शोषत नाही, फुटपाथवर फेकते. एका इमारतीच्या मागच्या बोळात गेलो. भिंतीवर एसीची बाहेरची यंत्रं खालपासून वरपर्यंत ओळीने बसवलेली, सगळी एकदम घुमत होती. आतल्या खोलीतली उष्णता तेवढीच्या तेवढी बाहेर टाकायची, वर यंत्र चालवायला लागलेल्या विजेची त्यात भर, असं एसीचं काम. ती बाहेर कोणाच्या अंगावर पडते? बोळात इमारतीचा राखणदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खुर्चीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं आणि त्यात त्याने चपला काढून पाय ठेवलेले. आमच्याकडे बघून तो ओशाळला आणि पाय काढून घेतले. मावशी म्हणाली, "ठेव रे बाबा, ठेव."

कदंब बसस्टँडच्या बाजूला अटल सेतूखाली माणसं सावलीला बसली होती. २०१९ साली सुरू झालेल्या या पुलाने वाहनांचा वेळ किती वाचवला यावर वाद घाला, पण खाली बसलेल्यांना दुपार काढायला छप्पर दिलं हे नक्की. नकाशावर कोणीही त्याला सार्वजनिक सावली म्हणून नोंदलेलं नसेल.

१८ जून रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, चाललो आणि भाजलो. मार्केटजवळ मात्र बराच वेळ थांबलो. भिंतीच्या कडेला एक बाई जाई-अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, घेऊन बसली होती. फाती केळीच्या पानावर, त्यावर भिजवलेलं गोणपाट. दर थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडायची. सकाळी भिंतीची सावली भरपूर रुंद असते. ऊन चढतं तशी ती आखडते, आणि बाईचं स्टूल तिच्यामागोमाग भिंतीकडे सरकत जातं. आम्ही गेलो तेव्हा स्टूल भिंतीला टेकलं होतं, गुडघे उन्हात होते आणि फुलं सावलीत. छत्री का नाही विचारलं तर म्हणाली, छत्री उघडली की जागा जास्त जाते आणि उठवतात. अबोली दुपारपर्यंत टिकते, जाई नाही टिकत. जाईचा भाव बारानंतर निम्मा. शहर तापल्याचा खर्च रुपयांत मोजून दाखवा म्हणणाऱ्यांनी या स्टुलाशेजारी एक सकाळ काढावी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. किनाऱ्यावर नुसत्या अंशांनी काही कळत नाही. हवेत पाणी इतकं असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला निवायचा दुसरा मार्ग फारसा नाही. पारा ३४ वर आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर सावलीतसुद्धा अंगाला ते पंचेचाळीस ओलांडल्यासारखं लागतं. म्हणून इथं उपाय दोनच, सावली आणि वारा. पाण्याचे फवारे उडवायच्या योजना कोरड्या मुलखात ठीक आहेत.

कांपालला पोचलो आणि हे अंगानेच पटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने रेन ट्री, मुळात दक्षिण अमेरिकेतले, पण आता पणजीचेच म्हणायचे. एकेका झाडाचा विस्तार रस्ता ओलांडून पलीकडे गेलेला. पाटोवर जी मावशी दर पन्नास पावलांवर थांबत होती, ती इथं माझ्यापुढे चालू लागली. कला अकादमीच्या बाजूने नदीकडे वळलो. चार्ल्स कोरिआंनी ही वास्तू अशी बांधली, की रस्त्यावरून आत शिरलेला माणूस आणि मांडवीवरून आलेला वारा दोघांनाही वाट मोकळी राहावी. दोन वाजून गेले असतील. इतका वेळ थिजलेली पानं एकदम हलली आणि मावशी ओरडली, "वारो आयलो गो!" रोज बाराला येणारा पाहुणा त्या दिवशी दोन तास उशिरा आला होता. आम्ही बाकावर बसून लिंबू सोडा प्यायलो.

कांपालला मोठे रस्ते, मोठी आवारं, नदी आणि बागा आहेत. झाडाला मूळ पसरायला जागा लागते, ती जिथं आधीच होती तिथं झाडं राहिली. मार्केटच्या बाजूला बुंध्याला चिकटवून काँक्रीट केलंय, मग पावसात झाड पडतं, मग झाड धोकादायक म्हणून शेजारचंही छाटतात. मावशीला मात्र माझं हे सगळं पटत नाही. "झाड पडून गाडी चेपली ना, की तूच बोंब मारशील," म्हणते. तिच्या शेजाऱ्याची चेपली होती.

शेवटचा टप्पा टोंक. सांतिनेजची खाडी ताळगावच्या बाजूने येते आणि शहराच्या पाठीमागून मांडवीला मिळते. एकेकाळी तिच्यातून होड्या चालत, आता बऱ्याच ठिकाणी ती नाल्यासारखी दिसते. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प टोंकलाच आहे. आणि त्याच परिसरात, खाडीला लागून, कामराभाटची वस्ती. साऱ्या पणजीची घाण जिथं येते तिथंच साऱ्या पणजीची धुणीभांडी करणारी माणसं राहतात. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. स्वस्त जागा तिथंच उरली, एवढं पुरतं.

दारात बसलेल्या एका बाईने पाणी विचारलं. बेळगावकडची, मराठी बोलणारी. घरावर पत्रा, पत्र्याखाली खोक्यांचे पुठ्ठे तारेने बांधलेले. "दुपारी आत बसवत नाही, बाई. पत्रा रात्री लवकर निवतो, पण दार उघडं ठेवता येत नाही ना. मच्छर." मला आधी नीट लक्षात आलं नाही. मग उलगडलं: खाडी तुंबलेली, म्हणून डास, डास म्हणून दार बंद, दार बंद म्हणून रात्रीचं वारंही घरात नाही. आणि ते वारं इथवर येतं तेच मिरामारकडच्या इमारतींच्या रांगांमधून वाट काढत. कांपालला आम्ही ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते इथं पाठीवर जेमतेम जाणवत होतं.

ती एका फ्लॅटमध्ये कामाला जाते. तिथं एसी आहे का, असं मावशीनेच विचारलं. "आहे की. लादी पुसते तेवढा वेळ लागतो अंगाला."

कामराभाट झोपडपट्टी म्हणून हटवायची की सुधारायची, ही चर्चा सोयीनुसार डोकं वर काढते. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे. पत्र्याला पांढरा रंग, दारांना जाळ्या, खाडीचं पाणी वाहतं ठेवणं, आणि तापमापकाची आणखी एक पेटी इथं खाली. मार्केटच्या भिंतीला कायमचं छप्पर तर एखादा नगरसेवक स्वतःच्या नावाची पाटी लावून करेल. लावू दे पाटी.

तुम्हाला चालायचं असेल तर हाच क्रम ठेवा: आल्तिनो, मळा, फोंतेन्हास, पाटो, मार्केट, कांपाल, टोंक. अकराच्या सुमाराला निघा, सोबत पाणी घ्या, डोक्यावर टोपी असू द्या. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पाटो ते मार्केट बस पकडा. कामराभाटात कॅमेरा बाहेर काढू नका, ती लोकांची घरं आहेत. टोंकहून परत यायला आम्हाला बस बऱ्याच वेळाने मिळाली. थांब्याला छप्पर नव्हतं.