यान्टो जोन्सच्या दाराशी

वेल्समधल्या कार्डिफला आम्ही तीन दिवस होतो आणि त्यातला बराचसा वेळ मी एका भिंतीसमोर काढला. किल्ला बाहेरून पाहिला, संग्रहालय राहिलंच. समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर एक बंद दरवाजा आहे, त्याच्या शेजारी ही भिंत आहे आणि तिच्यावर एका माणसासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. त्या माणसाचं नाव यान्टो जोन्स. तो ‘टॉर्चवुड’ या टीव्ही मालिकेतला. 9 जुलै 2009 च्या भागात तो गेला आणि त्यानंतर लोक इथे फुलं ठेवायला लागले. मी पोचले सप्टेंबर 2019 मध्ये, म्हणजे दहा वर्षं उलटून गेल्यावर.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडी दोन तासांत कार्डिफला नेते. वाटेत सेव्हर्न नदीखालचा बोगदा लागतो. 1886 मध्ये सुरू झालेला, साधारण सात किलोमीटरचा. बोगद्यातून बाहेर आलं की पाट्या दोन भाषांत दिसायला लागतात. पहिल्यांदा ‘कायर्दीद’ हे कार्डिफचं वेल्श नाव वाचलं आणि माझ्या पोटात कालवाकालव झाली. नवरा शेजारी झोपला होता. त्याने या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. माझ्यासाठी म्हणून तो आला होता, आणि हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण त्याच्याशिवाय ती दुपार तशी गेली नसती.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डॉक्टर हू’ या जुन्या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट केली की ‘टॉर्चवुड’ हा शब्द तयार होतो. रसेल टी डेव्हिस यांनी ऑक्टोबर 2006 मध्ये ही मालिका आणली. परग्रहावरून येणाऱ्या संकटांशी लढणारी एक छोटी टोळी, तिचा अड्डा कार्डिफ बे या पाण्याकाठच्या भागातल्या चौकाखाली. कॅप्टन जॅक हार्कनेस कधीच मरत नाही. मेला तरी पुन्हा श्वास घेऊन उठतो. ग्वेन पोलिसातून आलेली, ओवेन डॉक्टर, टोशिको यंत्रांची जाणकार. आणि यान्टो. सुरुवातीला तो फक्त कॉफी आणून द्यायचा, आवरायचा, सुटाबुटात दाराशी बसायचा. अड्ड्याचं बाहेरचं रूप म्हणजे पर्यटकांसाठीचं एक कळकट माहिती केंद्र, आणि त्या काउंटरमागे तो. कोणाचं लक्षच जाऊ नये असा.

मला तो तिथेच आवडला. सगळ्या गोष्टींमध्ये मी नेहमी आवरणाऱ्याकडे बघत असते. बाकीचे जग वाचवत असतात तेव्हा कप कोण विसळतं, हे मला बघायचं असतं. 2010 मध्ये एका मैत्रिणीने डीव्हीडी दिल्या, तेव्हा माझे दिवस बरे नव्हते. नोकरी गेली होती, घरात मी बोलत नव्हते. रोज रात्री एक भाग बघायचा एवढंच ठरलेलं असायचं. त्या माणसाने आपल्या आवडत्या मुलीला वाचवण्यासाठी सगळ्यांशी खोटं बोलावं, ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यावं, हळूहळू पुन्हा हसायला लागावं, हे मी बघत होते आणि माझंही थोडंथोडं सुटत होतं. मग तिसरं पर्व आलं. पाच रात्रींत सांगितलेली एकच गोष्ट. परग्रहावरचे ते प्राणी पृथ्वीवरची दर दहातलं एक मूल मागतात, सरकार हिशेब करायला बसतं, आणि जॅक आणि यान्टो नाही म्हणायला जातात. इमारतीत विषाणू सोडला जातो. जॅक उठतो. यान्टो उठत नाही.

तेव्हा मी दोन दिवस रडले होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

असो. आम्ही सेंट्रल स्टेशनपासून बेपर्यंत चालत गेलो, अर्धा तास लागला. वारा असा की छत्री दोनदा उलटी झाली. आधी समोर आलं मिलेनियम सेंटर. 2004 मध्ये उघडलेलं, ब्राँझच्या रंगाचं भलंमोठं छप्पर आणि त्यावर कोरलेली अक्षरं. कवयित्री ग्विनेथ लुइस यांच्या त्या ओळी आहेत, एक वेल्शमध्ये आणि एक इंग्रजीत, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक खिडकी. त्याच्यासमोर रोआल्ड डाल यांच्या नावाचा चौक. पूर्वी इथे कोळशाची जहाजं लागायची, गोदीचं ते तोंड बुजवून हा खोलगट चौक केला. आणि मध्ये तो स्तंभ! एकवीस मीटर उंच, आरशासारखा चकचकीत, वरून खाली सतत पाणी ओघळणारा. मालिकेत त्याच्या पायथ्याची एक फरशी म्हणजे गुप्त लिफ्ट. तिच्यावर उभं राहिलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मी नेमकी कोणती फरशी हे शोधत बसले नाही, एकेका फरशीवर उभी राहत गेले. पायाखाली काही नाही हे ठाऊक असूनही पाय हलके पडत होते.

‘डॉक्टर हू’चं मोठं प्रदर्शन इथून जवळच होतं, 2012 पासून. ते 2017 मध्ये बंद झालं. दोन वर्षांनी हुकलं. याची हळहळ मला अजून वाटते आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांचा मनापासून हेवा वाटतो.

चौकातून ‘मर्मेड की’ या धक्क्याकडे वळून, पायऱ्या उतरून पाण्यालगतच्या फळ्यांवर आलो. मालिकेतल्या माहिती केंद्राचं दार मला लगेच ओळखू आलं. आणि त्याच्या बाजूला ती भिंत, माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत भरलेली. फोटो, सुकलेली फुलं, कापडी फुलं, एक टाय, कॉफीचे रिकामे कप दोरीने ओवून टांगलेले. चिठ्ठ्या वेगवेगळ्या भाषांतल्या. मर्मेड कीच्या व्यवस्थापनानेच लावलेली एक पाटीही आहे. या ग्रहावरच्या मुलांच्या रक्षणासाठी प्राण देणाऱ्या यान्टो जोन्सच्या स्मरणार्थ, अशा अर्थाची. एखाद्या खऱ्या माणसासाठी लावतात तशीच.

मी जवळ जाऊन बघितलं. बहुतेक चिठ्ठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात होत्या आणि पाकिटांची तोंडं खालच्या बाजूला केलेली होती. पाऊस वरून येतो, तोंड वर असेल तर पाणी आत साठणार. म्हणजे इथे कोणीतरी विचार करून हे लावत होतं. एका पाकिटाची पिन गंजून तुटली असावी, तिथे नवी पिन मारलेली दिसत होती.

तेवढ्यात मागून तीन-चार जण आले. पाटी वाचली, एकमेकांना वाचून दाखवली आणि मोठमोठ्याने हसायला लागले. टीव्हीतल्या माणसाला श्रद्धांजली, असं म्हणत त्यांनी टायपाशी तोंड वेडीवाकडी करून फोटो काढले आणि गेले. दोन मिनिटांचा प्रकार. पण मला इतका राग आला की हात थरथरत होते. मला त्यांना सांगायचं होतं की यान्टोला परत आणा म्हणणाऱ्या चाहत्यांनीच लहान मुलांच्या मदतीसाठीच्या निधीत पैसे जमवून दिले. हेही खरं की त्याच दिवसांत काहींनी मालिकेच्या एका लेखकाला नको नको ते लिहून पाठवलं, आणि ते मला आजही चुकीचं वाटतं. पण या भिंतीवर मला शिवीगाळ कुठेच दिसली नाही. आभार होते. ‘तुझ्यामुळे मी घरी सांगू शकलो’ असं एकाने लिहिलं होतं. जॅक आणि यान्टोचं प्रेम पडद्यावर साधेपणाने दिसत होतं, त्याचा आधार त्या मुलाला मिळाला होता. त्याची सही नव्हती, फक्त वय होतं, सतरा.

नवरा इतका वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “अगं, हे इआन्टो कोण? मला नीट सांग.”

“यान्टो. इव्हान नावाचं लाडातलं रूप आहे ते.”

“बरं, यान्टो. पहिल्यापासून सांग.”

मी सांगायला लागले. त्या फळ्यांवर, रिमझिम पावसात, छत्री एका बाजूला धरून. सव्वा तास तरी गेला असेल. तो मधूनमधून नेमकं विचारत होता. कॉफी खरंच चांगली करायचा का? ग्वेनला कळलं तेव्हा ती काय म्हणाली? मी शेवटाला आले. जॅकच्या मांडीवर डोकं ठेवून यान्टो म्हणतो की हजार वर्षांनी तुला मी आठवणारही नाही, आणि जॅक म्हणतो की आठवशील. एवढं सांगून मला पुढे बोलवेना.

नवऱ्याने भिंतीकडे बघितलं. “दहा वर्षं तर झाली की,” तो म्हणाला.

त्या रात्रीच्या हॉटेलबद्दल एवढंच सांगते की खोली कुबट होती आणि गरम पाणी आलं नाही. माझं त्याकडे लक्ष नव्हतं.

चिठ्ठी मी घरून लिहून आणली होती. मराठीत, कारण तो गेला तेव्हा मी मराठीतच रडले होते. चार ओळी. इतक्या वर्षांत ठरवलेलं सगळं नीट आणलं आणि प्लास्टिकचं पाकीट तेवढं विसरले. चिकटपट्टी ओल्या लाकडाला धरेना. शेवटी केसांचा रबर काढून कप ओवलेल्या त्या दोरीला चिठ्ठी गुंडाळून बांधली. रात्री खिडकीवर पावसाचा आवाज सुरू झाला आणि मी उठून बसले. कागद भिजणार, शाई पसरणार.

शेवटच्या दिवशी सकाळी किल्ल्याची तिकिटं काढायची होती. नवरा म्हणाला, “चल, आधी पाकीट घेऊ.” दुकान उघडेपर्यंत थांबलो, पाकीट घेतलं आणि पुन्हा तिकडे गेलो.

चिठ्ठी दोरीवर नव्हती. ती भिंतीवर होती, उलगडलेली, कडांना थोडी शाई फुटलेली, दुसऱ्याच कोणाच्या तरी पाकिटात. पाकिटाचं तोंड खाली. माझा रबर त्याच पिनेला अडकवून ठेवलेला. आणि कागद उलटा लावलेला होता. शिरोरेषा खाली आली होती आणि सगळी अक्षरं तिच्यावर उभी होती, जमिनीवर उभी असावीत तशी. लावणाऱ्याला वाटलं असणार की ओळ खालीच असते.

मी ती सरळ केली नाही. आणलेलं पाकीट शेजारच्या एका भिजलेल्या चिठ्ठीला घातलं आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.